पत्ता खेडचा, शिक्का भलत्याच गावचा

खेड दोन आहेत. एक जगबुडीच्या काठचं, रत्नागिरी जिल्ह्यातलं. दुसरं भीमेच्या काठचं, पुणे जिल्ह्यातलं, हुतात्मा राजगुरूंचं जन्मगाव. या दुसऱ्या गावाचं नाव राजगुरुनगर झालं, तरी तालुका खेडच राहिला आणि लोकांच्या तोंडीही खेडच. दोन्ही तालुक्याची ठिकाणं, दोन्हीकडे टपालाचा मोठा राबता. पाकिटावर जिल्हा लिहायचा राहिला की पत्राच्या नशिबी सह्याद्रीची एक जादा फेरी आलीच. चुकीच्या खेडात उतरलेल्या पत्रावर तिथला तारखेचा शिक्का बसायचा, कुणीतरी शाईने 'रत्नागिरी' असं लिहून खाली रेघ ओढायचं आणि पत्र पुन्हा पिशवीत पडायचं. घरच्यांनी मजकूर वाचून पाकीट चुलीत घातलं असेल तर विषय संपला. पण ते माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत राहिलं असेल, तर आज त्याला मागणी आहे.

तिकिटं जमवणारे बरेच असतात. पण या छंदातली मुरलेली मंडळी सुट्या तिकिटांपेक्षा प्रवास केलेल्या अख्ख्या पाकिटाला जास्त मान देतात. त्यातही वाट चुकून पोचलेल्या पाकिटांचा वेगळा संग्रह करणारे जगभर आहेत. इंग्रजी अमदानीपासून टपालखात्यात अशा पत्रासाठी 'मिससेंट टू' असा शिक्का असे आणि पुढे चुकून गेलेल्या गावाचं नाव. 'मिससेंट टू जमैका', 'मिससेंट टू बँकॉक' असे शिक्के संग्राहकांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. भारतीय पाकिटांवर याच्या जोडीला 'टू लेट', 'नॉट नोन', 'लेफ्ट', 'रिफ्यूज्ड' हे शेरे सापडतात. तिकीट सांगतं प्रवासाला किती पैसे पडले. शिक्के सांगतात प्रवास खरोखर कसा झाला. हे दोन्ही जबाब एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा पाकीट वाचण्यासारखं होतं.

आणि असं पाकीट वाचायला रत्नागिरीइतका समृद्ध मुलूख दुसरा क्वचितच सापडेल.

पहिलं कारण नावांचं. शिरगाव घ्या. एक रत्नागिरी शहराला लागून, एक चिपळूण तालुक्यात, एक देवगड तालुक्यात, शिवाय पुण्याकडचं मावळातलं वेगळंच. खुद्द रत्नागिरीसुद्धा एकटी नाही. ओडिशात बौद्ध अवशेषांसाठी प्रसिद्ध असलेली रत्नागिरी आहे आणि तमिळनाडूत वेल्लोरजवळ मुरुगनाच्या देवळाची रत्नागिरी आहे. त्यात इंग्रजांनी आपल्या गावाचं स्पेलिंग 'रटनाघेरी' असं काहीतरी करून ठेवलेलं. एकोणिसाव्या शतकातल्या शिक्क्यांवर आणि पत्त्यांवर ते पाहताना ओळखीच्या गावाची पुन्हा ओळख करून घ्यावी लागते.

दुसरं कारण पत्ता लिहिण्याच्या आपल्या सवयीचं. 'मु. पो.' ही दोन अक्षरं मराठी हाताला इतकी बसली आहेत, की गावात पोस्ट असो वा नसो, ती लिहिलीच जातात. मुक्काम एका गावी आणि पोस्ट नदीपलीकडच्या गावी, ही कोकणातली नेहमीची गोष्ट. मग 'व्हाया' लिहून मोठ्या पोस्टाचं नाव द्यायचं, पुढे वाडी, तालुका, जिल्हा. एका वाडीत सगळी एकाच आडनावाची भावकी; आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत; त्यामुळे एकाच नावाचे दोन-तीन इसम हाकेच्या अंतरावर. तिथे पोस्टमनची आठवण हाच खरा पत्ता. पत्र कोणाच्या घरचं हे तो अक्षरावरून ओळखायचा, मुंबईहून आलं की आफ्रिकेहून हे पाकिटावरून, आणि ते कोणासमोर वाचायचं नाही हे मजकुरावरून. कारण अनेक घरांत पत्र वाचून दाखवायचं कामही त्याचंच होतं.

तिसरं कारण सरकारी. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याआधी मालवण, सावंतवाडी, कणकवली हे सगळं 'जि. रत्नागिरी'. परमुलखात गेलेल्या माणसाच्या डायरीतला पत्ता काही राजपत्र वाचून बदलत नाही. अशी जुन्या जिल्ह्याची पाकिटं नव्या जिल्ह्यात येताना मूळ लेखनावर झालेली दुरुस्ती पाहणं हा इतिहासाचा एक छोटा, पण अगदी खरा पुरावा आहे.

या गोंधळावर देशभरासाठी उपाय काढला तो रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेल्या माणसाने, ही गोष्ट इथल्या शाळांत शिकवली पाहिजे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल-तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य आणि केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते. एकाच नावाची गावं, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते आणि वाढतं टपाल यांतून वाट काढण्यासाठी त्यांनी सहा आकडी पिनकोडची योजना आखली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती लागू झाली. वेलणकर संस्कृतचे मोठे कवी होते. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक संस्कृत पुस्तकं आणि नाटकं आहेत. सरळ वाचलं तर रामाची आणि उलट वाचलं तर कृष्णाची स्तुती व्हावी, असं विलोमकाव्य त्यांनी रचलं. अक्षरांचा क्रम आणि त्यातून बदलणारा अर्थ यावर इतकी हुकमत असलेल्या माणसाच्या हातून देशाचा पत्ता आकड्यांत बसला, हे सुसंगतच म्हणायला हवं. १९७३ साली दिल्लीत भरलेल्या 'इंडिपेक्स' या जागतिक तिकीट प्रदर्शनाचे अध्यक्षही तेच होते. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला ते निवृत्त झाले.

पिनकोडचा पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपालाची वर्गवारी करणाऱ्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन त्या पोस्टाचे. रत्नागिरी शहर ४१५६१२. चिपळूण ४१५६०५. आता सातारा पाहा: ४१५००१. कराड: ४१५११०. म्हणजे पिनच्या हिशेबात रत्नागिरी सातारकरांच्या पंगतीत बसते. याच जिल्ह्यातले लांजा आणि राजापूर मात्र ४१६ मध्ये, कोल्हापूरबरोबर. महसुली नकाशा बाजूला ठेवून घाट डोळ्यांसमोर आणले की हे कोडं सुटतं. १९७२ साली कोकणात रेल्वे नव्हती. ती सबंध मार्गावर सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. त्याआधी देशावरून येणारं टपाल कुंभार्ली, आंबा अशा घाटांनीच खाली उतरायचं. पिनकोडात ते घाट गोठून राहिले आहेत. गाडी आज थेट रत्नागिरी स्टेशनात येते, आकडा अजून घाटमाथ्यावरचाच आहे.

पिन आल्यावर वाट चुकणं कमी झालं, थांबलं नाही. सहातला एक आकडा हलला तरी पुरे. ४१५ चं ४५१ झालं की पत्र मध्य प्रदेशात.

आता समुद्रापलीकडचं टपाल.

एका देशातून दुसऱ्या देशात पत्र धाडायचं, तर पैसे कोणी कोणाला द्यायचे हा प्रश्न १८७४ पर्यंत दोन-दोन देशांच्या करारांवर चालायचा. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बर्नमध्ये तह झाला, त्यातून जागतिक टपाल संघ उभा राहिला आणि १ जुलै १८७६ ला भारत त्यात सामील झाला. तत्त्व साधं होतं: जगाचा सगळा मुलूख टपालापुरता एक, ज्या देशाने तिकीट विकलं त्याने पैसे ठेवायचे, पत्राला उत्तर येतंच, तेव्हा हिशेब आपोआप फिटतो. वाट चुकलेल्या पत्राबाबतचा नियमही उदार आहे. चूक टपालखात्याची असेल तर पत्र मिळेल त्या जलद मार्गाने पुढे धाडायचं, जादा हशील न घेता. त्यामुळे एका तिकिटात सर्वांत लांबचा प्रवास घडतो तो चुकलेल्या पत्राला.

तिकीट कमी पडलं तर मात्र गय नाही. अशा पाकिटावर गोलात 'टी' हे अक्षर येतं. फ्रेंच ही टपाल संघाची भाषा, त्यातल्या 'टॅक्स' या शब्दाचं ते आद्याक्षर. घेणाऱ्याने फरक भरायचा. देशांतर्गत टपालात याला आपण बैरंग म्हणतो, गावाकडे 'नॉट पेड'. एकोणिसाव्या शतकात पुष्कळ लोक जाणूनबुजून बैरंग पत्र टाकत. पैसे वसूल करायचे असल्याने खातं ते नक्की पोचवेल, असा त्यामागचा हिशेब.

परदेशी टपालाच्या खर्चाबद्दल बोलताना रत्नागिरीला एक विलक्षण उदाहरण घरातच मिळतं. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली इथे आणला गेला आणि १९१६ च्या डिसेंबरात इथेच वारला. त्याचं राज्य मंडालेचं. मंडाले ते रत्नागिरी हे अंतर डोंगर, नद्या आणि अख्खा बंगालचा उपसागर ओलांडणारं. पण ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात जोडलेला होता, भारतीय तिकिटंच तिथे चालत आणि १८५४ पासून १९२२ पर्यंत देशांतर्गत पत्राचा किमान दर अर्धा आणा होता. म्हणजे राजाचं सिंहासन गेलं होतं, तरी टपालाच्या लेखी मंडाले हे रत्नागिरीला पुण्याइतकंच जवळ होतं. उलट दिशेचा प्रवासही आठवतो. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. त्यांचं टपालही याच व्यवस्थेतलं, तुरुंगाचे निर्बंध वेगळे. १ एप्रिल १९३७ ला ब्रह्मदेश वेगळा झाला, भारतीय तिकिटांवर त्या देशाचं नाव छापून ती तिथे विकली जाऊ लागली, आणि एका रात्रीत रंगून परदेश ठरलं.

दुबईचं तसंच. आज रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोलीतल्या किती घरांचा कर्ता माणूस आखातात आहे, हे वेगळं सांगायला नको. पण दुबईत पहिलं पोस्ट उघडलं ते भारताचं, १९ ऑगस्ट १९०९ रोजी. मस्कतमध्ये भारतीय पोस्ट १८६४ पासून, बहरीनमध्ये १८८४ पासून. तिकिटं भारतीय, कारभार भारतीय. हिंदुस्थानची फाळणी झाल्यावर हा कारभार काही काळ पाकिस्तानकडे आणि १ एप्रिल १९४८ पासून ब्रिटिश टपालखात्याकडे गेला. तरीही ब्रिटनच्या राजाच्या तिकिटांवर तिथे आणे-रुपये छापले जात, कारण बाजारात चलन रुपयाचंच होतं. मुंबईचे जाल कूपर यांनी परदेशी वापरलेल्या भारतीय तिकिटांवर 'इंडिया यूज्ड अब्रॉड' हे पुस्तक लिहिलं; या विषयात शिरणाऱ्याला ते टाळून पुढे जाता येत नाही. कोकणातल्या खलाशांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरांत असं एखादं पाकीट निघालं, तर ते कूपरांच्या पुस्तकातलं एक जिवंत पान आहे.

तेलाच्या सुबत्तेनंतर आखाताकडून आलेली पाकिटं वेगळी दिसतात. कडेला लाल-निळ्या तिरक्या पट्ट्या, 'पार आव्हियाँ' असं निळं लेबल, शेखांचे आणि बहिरी ससाण्यांचे चेहरे मिरवणारी तिकिटं. उलट बाजूने जाणाऱ्या पत्रांवर घरचा पत्ता नसेच. त्या देशांत घरोघर बटवड्याची पद्धत नव्हती. कंपनीच्या पोस्ट बॉक्सचा नंबर हाच पत्ता. एका बॉक्सात शेकडो कामगारांचं टपाल. एकाच नावाचे चार जण, त्यांतले दोघे कोकणातले, एक केरळचा, एक पाकिस्तानातला. पत्र चुकीच्या हाती पडणं अपरिहार्यच होतं. अशी पाकिटं उघडली जाऊन पुन्हा चिकटवलेली असतात. पाठीवर कॅम्पचं किंवा साइटचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं असतं. तिकीटसंग्राहक अशा पाकिटाला खराब म्हणून बाजूला टाकेल. तसं करू नये. स्थलांतराचा इतिहास लिहिणाऱ्याला त्या पेन्सिलीच्या अक्षराइतकं मोलाचं काही नाही.

फार काळ रखडलेल्या टपालाची एक गोष्ट मुंबईहून निघालेल्या विमानांची आहे. ३ नोव्हेंबर १९५० ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' आणि २४ जानेवारी १९६६ ला 'कांचनजंगा' ही दोन्ही विमानं युरोपातल्या माँ ब्लाँ पर्वतावर कोसळली. दुसऱ्या अपघातात होमी भाभा गेले. दोन्ही विमानांत टपाल होतं. हिमनदी सरकत खाली येते आणि पोटातलं सोडत जाते. ऑगस्ट २०१२ मध्ये गिर्यारोहकांना 'कांचनजंगा'तली परराष्ट्र मंत्रालयाची टपालपिशवी सापडली, तब्बल ४६ वर्षांनी. अपघातातून वाचलेली पाकिटं लिलावात येतात. ती विकत घेणाऱ्यांनी प्रत्येकामागे एक न पोचलेला निरोप आहे, हे विसरू नये.

मग आजचं हशील काय? देशात अजूनही पोस्टकार्ड ५० पैशांत जातं, आंतर्देशीय अडीच रुपयांत आणि साधं पाकीट पाच रुपयांत. हे दर इतके कमी ठेवल्याबद्दल टपालखात्याचे आभारच मानायला हवेत. देशाबाहेर पाऊल टाकलं की चित्र पालटतं. अमेरिकेतून परदेशी पत्राचं तिकीट जुलै २०२५ मध्ये एक डॉलर ७० सेंटचं झालं. तिथल्या मुलाने रत्नागिरीला एक साधं पत्र टाकायचं तर आपल्या हिशेबाने जवळजवळ दीडशे रुपये. दिवाळी अंक परदेशी धाडणाऱ्यांना तर हे चांगलंच ठाऊक आहे: विमानाने पाठवायचा खर्च अंकाच्या किमतीला सहज मागे टाकतो. फराळाच्या डब्याचंही तेच. चकली, चिवडा, बेसनाचे लाडू यांना घरी जो खर्च येतो, त्याच्या कितीतरी पट डबा पोचवायला लागतो.

बर्नचं जुनं तत्त्व केव्हाच मोडलं आहे. काही देशांतून पत्रं जास्त निघतात आणि काहींत जास्त येऊन पडतात, म्हणून १९६९ च्या टोकियो परिषदेपासून बटवडा करणाऱ्या देशाला मोबदला मिळू लागला. २०१८ मध्ये अमेरिकेने संघ सोडायची धमकी दिली, तेव्हा २०१९ मध्ये जिनिव्हात तडजोड झाली आणि १ जुलै २०२० पासून अमेरिका आपल्याकडे येणाऱ्या छोट्या पार्सलांचे दर स्वतः ठरवू लागली. या बैठका रत्नागिरीपासून दूर भरतात, पण त्यांचं बिल फराळाच्या डब्यावर लागतं.

२०२५ च्या दिवाळीआधी हे अगदी उघड झालं. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जकातमाफी अमेरिकेने २९ ऑगस्टपासून काढून घेतली. जकात कोणी, कशी गोळा करायची हेच स्पष्ट नसल्याने विमान कंपन्या टपाल उचलेनात. भारतीय टपालखात्याने २५ ऑगस्टपासून बहुतेक प्रकारचं आणि पाठोपाठ सगळंच अमेरिकी टपाल थांबवलं. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाला आठवडाही उरला नव्हता तेव्हा. शंभर डॉलरपर्यंतची भेटवस्तू जकातीतून मोकळी होती, म्हणजे लाडवांवर कर नव्हता. पण तो डबा भाऊबीजेपर्यंत न्यू जर्सीत पोचायचा कसा? ज्यांना जमलं त्यांनी खासगी कुरियरला दामदुप्पट मोजलं.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली, तिचा गाजावाजा थोडा झाला. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. संग्राहकाच्या दृष्टीने रजिस्टर्ड पाकीट म्हणजे प्रवासाचा रोजनामा: वाटेतल्या अनेक ठिकाणचे शिक्के पाठीवर. आता बारकोडची चिठ्ठी असते, शिक्का बसला तर बसला. वाट चुकल्याची नोंद संगणकात होते आणि काही महिन्यांत दिसेनाशी होते. मे २०२५ मध्ये आलेला डिजिपिन तर सुमारे चार मीटर चौरसाच्या प्रत्येक तुकड्याला दहा अक्षरी खूण देतो. त्यात गावाचं नावच लागत नाही, त्यामुळे दोन खेडांचा घोळही उरत नाही. बटवड्यासाठी हे उत्तमच आहे, त्याला विरोध करायचं काही कारण नाही. मात्र यामुळे वाट चुकलेली पाकिटं आता आहेत तेवढीच राहणार. नवी तयार होणार नाहीत. डेन्मार्कने तर २०२५ च्या अखेरीस चारशे वर्षांची सरकारी पत्रवाटप सेवाच बंद केली.

एक गोष्ट स्पष्ट असावी. दुसऱ्याचं पत्र चुकून आपल्या दारी आलं, तर ते संग्रहाचं नव्हे; ते पोस्टमनला परत द्यायचं. १८९८ च्या कायद्यात असं पत्र लबाडीने दाबून ठेवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती. त्याच्या जागी १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ही कलमं राहिली नाहीत, तरी माणुसकीचा नियम तोच आहे. संग्रह करायचा तो आपल्याच घरातल्या, पोचून गेलेल्या टपालाचा.

तेव्हा कोकणातल्या घरोघरच्या वाचकांना विनंती आहे. गणपतीला, शिमग्याला घर झाडताना आफ्रिकेची, रंगूनची, बोटीवरची, आखाताची जुनी पाकिटं निघाली, तर त्यावरची तिकिटं पाण्यात भिजवून काढू नका, कात्रीने कापू नका. आतलं पत्र आणि पाकीट यांची ताटातूट करू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून कोरड्या जागी, साध्या कागदात गुंडाळून ठेवा. पत्र कोणी कोणाला लिहिलं, लिहिणारा तिकडे काय करत होता, हे माहीत असलेलं माणूस घरात असेपर्यंत वेगळ्या कागदावर टिपून ठेवा. आणि १८२८ सालापासून चालत आलेलं रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय, तसंच तालुक्यांतली जुनी वाचनालयं यांनी अशा पाकिटांसाठी प्रत्येकी एक कपाट राखावं.